गाडी रात्रीची

सामान ठेवल्याची पावती खिशात,
आणि अंगावर सबंध दिवस, सैल शिवलेल्या झग्यासारखा.
व्लादिवोस्तोक धुक्यात होतं.
पुलाचे दोन खांब तेवढे दिसत होते,
मधला पूल असावा,
गाड्या जात होत्या त्याअर्थी.

कापितोलिना येगोरोव्ना, जिच्या घरी दोन रात्री भाड्याने राहिले,
म्हणाली, चल, दाखवते.
तेवीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेली बाई.
मोबाईल अर्धंच भाषांतर करायचा,
उरलेलं ती हाताने खाली उतरवायची, सावकाश,
जहाजातून पेटी उतरवावी तसं.

उतारावर गाड्या जपानी, जुन्या.
स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखं,
रस्ता मात्र त्यांचा.
पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर
शेजारी बसलेल्याने डोकावून सांगायचं: जा, कोणी नाही.
"नवरा सांगायचा," ती म्हणाली,
आणि बराच वेळ ट्रकच्या मागेच राहिली.

किनाऱ्यावर चढवून ठेवलेली पाणबुडी पाहिली.
गोल दारातून आधी पाय की आधी डोकं
यावर आमचं एकमत होईना.
मागे शाळेची पोरं खोळंबली.

बारा वाजता तोफ उडते
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
हातातला वाफाळता बन पडला,
(आत कोबी, आणि विचारू नये असं काहीतरी)
समुद्रपक्ष्याने तो उचलला.
ती मनगटावरचं घड्याळ लावून घेत होती.

मग डोंगरावर चढणारा डबा.
दीड मिनिटाचा प्रवास.
तिने मला खिडकीची जागा धरून दिली,
म्हणे, सवय कर,
पुढे सात दिवस आहेत.

ओहोटी होती म्हणून दीपगृहापर्यंत
गोट्यांच्या पट्ट्यावरून चालत गेलो.
दोन्हीकडून पाणी, दोन्ही पाणी एकच.
एक माणूस गळ टाकून बसलेला, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.
तिने त्याच्या बादलीत हात घालून
बोटभर रुपेरी मासा माझ्या नाकाशी धरला.
काकडी!
देवाशपथ, नुकत्याच चिरलेल्या काकडीचा वास.
कोर्यूश्का, ती म्हणाली. हसत होती.

स्टेशनात मोजणीचा खांब आहे,
मॉस्कोपासून नऊ हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर.
मी बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
अशा आकड्यावर पटकन विश्वास बसत नाही.
कुठून धरलं, कोणी धरलं, पंच कोण होते?
खांब काही बोलला नाही.
मोजणीत दगड बोलत नसतात,
माणसं भांडतात.

पूर्वी इथलं घड्याळ मॉस्कोची वेळ दाखवायचं.
गावात संध्याकाळचे सात,
फलाटावर भर दुपार.
"त्या सात तासांच्या मधे कुठेतरी
माझा भाऊ राहतो," ती म्हणाली,
आणि या वेळी मोबाईलने सगळं नीट सांगितलं.

येरोफेय पाव्लोविच.
ते भावाचं नाव नाही, स्टेशनाचं.
माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव गळलेलं.
भावाचं नाव अर्काशा.
बोटीवर होता. एका बाईमागे जंगलात गेला,
बाई गेली, तो तिथेच.
एकोणीस वर्षांत समुद्र पाहिलेला नाही.

गाडी तिथे वीसेक मिनिटं थांबते.
वर्तमानपत्रात बांधलेली पुडी तिने माझ्या कुशीत दिली,
तान्हं मूल द्यावं तशी, मानेखाली हात धरून.
वाळवलेली कोर्यूश्का.
मी हुंगून पाहिली. मीठ, शाई.
काकडी नाही.

वास जातो का गं वाळल्यावर?
जातो, ती म्हणाली.

त्याला ओळखायचं कसं मी?
फोटो? टोपी कसली घालतो?
मोबाईल फिरत राहिला, गोल गोल.
शिट्टी झाली. डब्याच्या बाईने पायरी उचलली.

खालून तिने नाकावर बोट ठेवलं,
मग ते बोट लांब, पश्चिमेकडे, रुळांवर.

धुक्यात आधी तिचे पाय गेले, मग हात.
पुडी मी उशाशी ठेवली आहे.
समोरच्या बर्थवरचा शिपाई पोरगा
झोपेत एकदोनदा नाक फेंदारतो.